विसावी जोडी

"भाऊ, नेट गेलं का वो?" हर्षालीनं काउंटरवरून विचारलं.

भगवंतासमोरच्या पडद्यावर खेळातले वीस जण राक्षसाच्या गुहेच्या दारात उभे होते, ते जागच्या जागी थिजले होते. त्यानं माऊस हलवून पाहिला. मग उठला आणि काउंटरवरचा फोन उचलून कानाला लावला. टोन नाही, खरखर नाही, काही नाही. सव्वीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून काढलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"नेट न्हाई, केबलच तुटलीय," तो म्हणाला.

"आजच तुटायची व्हती का तिला!"

हर्षालीचा वैताग खरा होता. हा खेळ चालवणारी परदेशी मंडळी मंगळवारी आपला सर्व्हर कायमचा बंद करणार होती. तशी सूचना पंधरा दिवस पडद्यावर झळकत होती. म्हणजे आजचा रविवार शेवटचा. त्यात ओतूरचं लोडशेडिंग दुपारी तीनला सुरू व्हायचं. आत्ता बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

हर्षालीनं दोन वर्षांपूर्वी एसटी स्टँडसमोर पाच संगणक मांडून नेटकॅफे काढला, तेव्हा लाईन भगवंतानंच ओढून दिली होती. लाईन तपासायला म्हणून तो खुर्चीत बसला, तो कुणीतरी उघडा टाकून गेलेला खेळ बघत बसला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, खाकी पँट, खांद्यावर हत्यारांची पिशवी! हर्षाली तोंडाला ओढणी लावून हसली होती. पण पुढच्या रविवारी तो पिशवी न घेता आला, मग दर रविवारी येत राहिला आणि पुढं सरावाला रोज संध्याकाळी तासभर बसू लागला.

खेळात कुणी तलवारवाले होते, कुणी तिरंदाज. भगवंतानं वैद्य घेतला. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, कुणाचा जीव कमी पडतोय ते बघायचं आणि वेळेवर औषध पोचवायचं. हे काम त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. ज्याचा फोन बंद त्याच्या दारात जायचं, एवढंच तर त्यानं जन्मभर केलं होतं. फरक इतकाच की इथं बरा झालेला माणूस लगेच 'थँक्यू' लिहायचा.

वीस जणांनी मिळून मोठ्या राक्षसावर चालून जायचं, त्याला खेळात 'रेड' म्हणत. भगवंताच्या बायकोनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "यांची रविवारी बाराला रेड असती." झालं! त्यानंतरचे दोन रविवार चिमाजीची मटक्याची टपरी बारा ते तीन बंद. तिसऱ्या रविवारी चिमाजी स्वतःच वाटेत आडवा आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आपलं घरचं नातं हाय. आज कोणच्या बाजूला हाय तेवढं सांगा."

पण शब्दांचा घोळ फक्त चिमाजीनंच घातला असं नाही. या वीस जणांची कप्तान जबलपूरची एक शाळामास्तरीण होती. वैद्याचं काम करतो म्हणून ती भगवंताला डॉक्टर म्हणायची. एकदा तिनं इंग्रजीत विचारलं, डॉक्टर, तुम्ही प्रॅक्टिस कुठे करता? भगवंताला वाटलं, खेळाचा सराव कुठं करतो ते विचारतेय. त्यानं सरळ लिहिलं: ओतूर, एसटी स्टँडसमोर, रोज संध्याकाळी सहा ते सात.

महिनाभरानं हर्षालीनं त्याला त्या प्रश्नाचा अर्थ सांगितला, तोवर एकोणीस माणसं त्याला खराखुरा डॉक्टर समजून बसली होती. धनबादच्या एका गड्यानं आईच्या गुडघ्यांबद्दल सल्ला मागितला, तेव्हा भगवंताला घाम फुटला. "जवळच्या डॉक्टरला दाखवा," एवढं लिहून तो उठला. खरं काय ते सांगता आलं असतं. पण गावात "ए लाईनमन, कवा येतोस रं?" असं ऐकणाऱ्या माणसाला तिथं "डॉक्टरसाहेब आले" ऐकायला मिळायचं. ते त्याला गोड वाटायचं आणि कळलं तर आपली तिथली जागा जाईल, याची धास्तीही वाटायची. त्यानं गप्प राहणं पसंत केलं.

आता तर तो न सांगताच गायब झाला होता आणि वैद्याशिवाय कुणी गुहेत शिरत नाही. बदली वैद्य मिळायला खेळात वेळ लागत नसे.

भगवंतानं घरून पिशवी घेतली, एम-ऐंशीला किक मारली आणि केबल ज्याच्या कडेनं पुरली होती त्या उदापूरच्या रस्त्याला लागला. तुटलेली जागा शोधावी लागली नाही. जेसीबी उभा होता आणि त्याच्याजवळ सोमाजी, शेताची पाईपलाईन रस्त्यापलीकडे न्यायला निघालेला.

"मला काय ठाऊक, हितं खाली तुमची वायर हाय!"

"केबलचा बोर्ड कुणी उपटला मग?"

सोमाजीनं जेसीबीकडं पाहिलं. "रविवार हाय भाऊ. आज फडकं गुंडाळा, उद्या जोडा. कोण मरतंय तेवढ्यानं?"

"बाळंतपणाचा दवाखाना याच केबलवर हाय. तूच सांग, कोण मरतंय ते."

सोमाजी खड्ड्यातली माती काढायला स्वतःच उतरला.

केबल वीस जोड्यांची होती. दोन्ही टोकांचं आवरण सोललं, आतली चिकट जेली फडक्यानं पुसली आणि रंगीत तारांचा पिसारा दोन्हीकडून उघडा झाला. प्रत्येक जोडीचा रंग ठरलेला. पहिली पांढरी-निळी, दवाखान्याची. मग कांद्याचे व्यापारी, पतपेढी, शाळा, घरं. आणि विसावी, सगळ्यांत शेवटची, पिवळी-करडी. ती हर्षालीच्या कॅफेची. कॅफे निघाला तेव्हा केबलमध्ये तेवढी एकच शिल्लक होती, म्हणून त्यानंच ती दिलेली.

भगवंतानं ती पिवळी-करडी जोडी चिमटीत धरली. पाच मिनिटांचं काम. ही आधी जोडली, दवाखान्याची जोडली, की पाऊण वाजता तो परत खुर्चीत असता. बाकीच्या अठरा जोड्या तीननंतर, लाईट गेल्यावर, निवांत. कुणाला कळलंही नसतं. त्याचं मन पार त्या तारांत गुंतलं. शेवटचा रविवार होता हो, पुन्हा येणार नव्हता.

"कुणाची लाईन हाय ती?" सोमाजीनं विचारलं.

"माझी," भगवंत म्हणाला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. त्यानं ती जोडी बाजूला वाकवून ठेवली.

सुरुवात पांढऱ्या-निळ्यापासून केली. खात्यात नवा लागला तेव्हा म्हाताऱ्या मुकादमानं त्याला शिकवलं होतं, की रंगांचा क्रम सोडला की एकाचा फोन दुसऱ्याच्या घरात वाजतो. एक, दोन, तीन. ऊन डोक्यावर होतं. जेलीनं बोटं बुळबुळीत होत होती, पुन्हा पुसायची, पुन्हा तार धरायची. सातव्या जोडीला घड्याळ बघायचं त्यानं सोडून दिलं. सोमाजीनं छत्री आणून डोक्यावर धरली, ती शेवटपर्यंत धरली.

विसावी जोडी बसली तेव्हा दोन वाजून गेले होते. टेस्टिंगचा फोन तारांना जोडून त्यानं पहिल्यांदा दवाखान्यात लावला. नर्सबाई म्हणाल्या, "आला, आला आवाज." मगच त्यानं सांध्यावर आवरण चढवलं.

कॅफेत पोचला तेव्हा दोन-वीस. हात धुवायला थांबला नाही. खेळ उघडला, एवढ्याचसाठी की रिकामं मैदान डोळ्यांनी बघून घ्यावं.

एकोणीसच्या एकोणीस जण गुहेच्या दारात बसलेले होते.

खाली लिहिलेलं वाचायला भगवंताला वेळ लागला. दोघांनी, आम्ही वैद्य म्हणून येऊ का, असं विचारलेलं होतं. कप्तानानं दोघांना एकच उत्तर दिलं होतं: आमचा वैद्य येतोय. कुणीतरी, तो आलाच नाही तर, असं विचारलं होतं. त्यावर तिनं लिहिलं होतं: तर बसून राहू. दोन तास आणि दहा मिनिटं ती माणसं आपापल्या गावात, आपापल्या रविवारी, एका ओतूरच्या माणसाची वाट बघत बसली होती.

"डॉक्टर! इमर्जन्सी थी क्या? पेशंट था?" कप्तानानं विचारलं.

हो म्हणायला फक्त एक बटण लागलं असतं. भगवंतानं चिकट बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: "मैं डॉक्टर नही. टेलिफोन का लाईनमन. केबल टूटा था. सबका जोडके आया."

हर्षाली त्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली होती.

पहिला बोलला तो धनबादवाला. "तो मेरी माँ के घुटने?"

"किसी को दिखाओ," भगवंतानं लिहिलं.

"दिखाया. ऑपरेशन हो गया. चलती है." आणि मग सगळीकडून हसण्याच्या खुणांची रांग लागली. ती थांबल्यावर कप्तानानं लिहिलं, "लाईनमनजी, आप तैयार हैं तो चलें?"

"चलो," भगवंतानं लिहिलं.

तशी झुंज त्या विसांनी कधी दिली नव्हती. राक्षसाच्या पहिल्या फटक्यातच चौघे आडवे झाले. भगवंत मागे उभा राहून सगळ्यांकडे एकाच वेळी बघत होता आणि कुणाला केव्हा औषध लागेल ते त्याला आधीच कळत होतं. कप्तानाचा जीव नखाएवढा उरला तेव्हा त्यानं औषध पोचवलं. धनबादवाला पडता पडता उभा राहिला. पावणेतीन झाले, तीनला पाच कमी झाले. हर्षाली गिऱ्हाईक सोडून ओरडत होती, "मारा वो, मारा!" राक्षस गुडघ्यावर आला, डोलला आणि डोंगर ढासळावा तसा कोसळला.

आणि बरोबर तीनला लाईट गेली.

"आवं, बक्षीस!" हर्षाली कपाळावर हात मारून म्हणाली. "काय मिळालं ते तर बघू द्यायचं."

"पडला न्हवं तो? मग झालं," भगवंत म्हणाला. तो अंधारलेल्या पडद्यासमोर बसून खुशाल हसत होता. त्या दिवशी त्याला कशाचीच कमी वाटली नाही.

मंगळवारी खेळ बंद झाला. त्यानंतरच्या रविवारीही भगवंत बाराला आला, पाय आपोआप वळले म्हणून. हर्षालीनं त्याच्या हातात एक रंगीत कागद ठेवला. जबलपूरच्या बाईनं मेल पाठवली होती. मजकूर काही नाही, नुसता फोटो. मेलेल्या राक्षसासमोर सगळे ओळीनं उभे होते.

हर्षालीनं वाकून दोनदा मोजलं. "एकुणीसच हायेत. तुमी कुठं हाय यात? तुमचा तर कॉम्प्युटरच बंद पडला व्हता."

ओळीच्या बरोबर मध्यावर कप्तान आणि धनबादवाला, दोघं जरा सरकून उभे होते. आपल्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

भगवंतानं बोट पँटला पुसलं आणि त्या जागेवर ठेवलं.

"हा काय, मी हितं हाय," तो म्हणाला.