दोघांनी पाहिला तरच

पक्षीमंडळात तिच्या नवऱ्याला सगळे ‘नव्व्याण्णव’ म्हणत. अभयारण्यातल्या वार्षिक मोजणीत सलग दोन वर्षं त्याचा गट नव्व्याण्णव पक्षीजातींवर अडकला होता, आणि तेव्हापासून तो घरात असा वावरायचा, जणू एका मार्कानं त्याचं अख्खं आयुष्य हुकलंय.

तिला या शोकाचं हसू यायचं. बबडी होण्याआधी ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होती. सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवायची आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या, एकेका रुग्णाच्या शंभर. एका सकाळी अशी पंधरा-वीस शतकं तिनं ठोकली होती. एकदाही कुणी टाळी वाजवली नव्हती.

लॅबनं आता परत बोलावलं होतं. सोमवारपासून, सकाळी आठ ते बारा. नवऱ्याची पाळी दुपारी दोनची. “मग अडलंय कुठं?” तो म्हणाला होता. “सकाळी मी असतोच की घरी.”

असतो, हे खरं होतं. छताचा पंखाही असतो. अडीच वर्षांची पोर रोज चार तास या माणसाच्या हाती सोपवायची की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात एकच जागा उरली होती आणि तिथल्या बाईंना तिनं ‘रविवारी दुपारपर्यंत नक्की सांगते’ असं म्हणून ठेवलं होतं. घरात हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि रविवारीच मोजणी आली. गटात तीन माणसं लागतात. नवऱ्याच्या गटातला तिसरा, एक बँकवाला, ऐन वेळी दुसऱ्या गटात गेला; गेल्या वर्षी एकशे चार झालेल्या गटात. इमान हे असं.

“नुसतं नाव लागतं गं,” नवरा म्हणाला. “तुला काही करायचं नाही. फक्त बघायचं.”

“आणि बबडी?”

“आणू की. आळीपाळीनं धरू. अर्धा तास तू, अर्धा तास मी.”

तिनं मनात म्हटलं, ठीक आहे. बघूच.

सकाळी सहाला अभयारण्याच्या फाटकाशी तीस-पस्तीस मोठी माणसं चिखलाच्या रंगाचे कपडे घालून उभी होती. कपड्यांना इतके खिसे, की त्यात काय ठेवायचं हे त्यांनाही सुचलं नसावं. बहुतेक रिकामेच होते. गटातला दुसरा गडी कॅमेरावाला होता. त्याच्या कॅमेऱ्याची नळी त्याच्या मांडीएवढी, नाकापेक्षा मोती जड. तो उभा राहिला की पुढे झुकायचा आणि लोक समजायचे, नम्र आहे.

त्यानं बबडीच्या पायांकडे पाहिलं. “वहिनी, लाल बूट? लाल रंगाला पक्षी बुजतात.”

“तुमच्या तोफेला नाही बुजत?”

“नाही, ती काळी आहे,” तो गंभीरपणे म्हणाला.

फेरीचे प्रमुख म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. माहिती केंद्राच्या पायरीवर उभं राहून त्यांनी नियम सांगितले. “अकराला सगळ्यांनी इथं परत यायचं. पक्षी गटातल्या दोघांनी पाहिला तरच धरला जाईल. एकट्याचा पक्षी धरणार नाही. हां, फोटो असेल तर गोष्ट वेगळी. आणि हे पाहा, बत्तीस वर्षं मी लोकांच्या तोंडात पाहत आलोय. खोटं मला चटकन कळतं.”

सगळे आदरानं हसले. हा विनोद दर वर्षीचा असणार, हे तिनं त्या हसण्यावरून ओळखलं.

मग सुरू झाली ती वरात. चार पावलं चालायचं, थांबायचं, माना वर. कुणी तरी घड्याळाच्या काट्यानं दिशा दाखवत कुजबुजायचं, “दोन वाजता, वाळक्या फांदीवर,” आणि सगळ्या दुर्बिणी त्या फांदीवर. पक्षी बघून आनंद वगैरे होत असेल अशी तिची समजूत होती. तसलं काही नव्हतं. दिसला, लिहिला, पुढे. खंड्या पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला, निळं काही तरी लखलखलं, बबडी “आई आई” करत उड्या मारायला लागली, तर नवरा म्हणाला, “तो झालाय.” रेशनच्या रांगेतल्या कारकुनाचा आवाजही याहून प्रेमळ असतो.

ती खरंच फक्त बघत होती. डोळ्यांत तेल घालून बघायची तिला अडीच वर्षांत सवयच झाली होती. घरात टेबलाचे कोपरे, गरम कप, दाराच्या फटी. इथं काटे, मुंग्या, ओला उतार. आणि असं बघणाऱ्या बाईला पक्षीही दिसतात. शेवाळावर शेपटी हलवत बसलेला तुतवार तिनंच दाखवला. चिखलाच्या रंगाचा, हललाच नाही तर दिसणारच नाही असा पाणलावाही तिनंच.

“पाहिलाच होता मी,” नवरा दोन्ही वेळा म्हणाला आणि दोन्ही वेळा घाईनं लिहून घेतला.

आळीपाळीचा हिशोब मात्र तिच्याच डोक्यात चालू होता. त्याच्या पहिल्या अर्ध्या तासातली सात मिनिटं बबडी त्याच्याकडे होती. “धर गं एक मिनिट.” दुसऱ्या अर्ध्या तासात चार. “एक मिनिट गं.” त्याची मिनिटं रबराची होती.

साडेनवाला अठ्ठ्याण्णव झाले. दहाला नव्व्याण्णव. नवरा मराठी सोडून नुसते हातवारे करायला लागला.

शंभरावा बोरूच्या बेटात मिळेल असं ठरलं; फटाकडी नावाचा लाजाळू पाणपक्षी तिथं असतो म्हणे. तिथं तळ्यात आत जाणारी फळ्यांची वाट आहे, टोकाला चौथरा, भोवती लाकडी कठडा. कठड्याला दोन आडव्या पट्ट्या. खालची पट्टी आणि फळ्या यांच्यामधलं अंतर तिनं वितीनं मोजलं. एक वीत, चार बोटं.

“डॉक्टर, यातून मूल सरळ खाली जाईल.”

“वहिनी, आजवर इथं कुणी पडलेलं नाही.”

“आजवर इथं अडीच वर्षांचं कुणी आलं होतं?”

डॉक्टर एका बदकाकडे बघत पुढच्या गटाकडे निघून गेले.

सकाळी सहापासून तिनं रोखून धरलं होतं. आता इलाज नव्हता; स्वच्छतागृह केंद्राच्या मागे, जाऊन-येऊन दहा-बारा मिनिटांचं. तिनं बबडीचा हात नवऱ्याच्या हातात दिला, त्याची बोटं स्वतः मिटवली.

“हात सोडायचा नाही. पक्षी आला तरी.”

“अगं हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

ती जवळजवळ पळतच गेली आणि पळतच आली. फळ्यांच्या वाटेच्या तोंडाशी पोचली आणि तिला सगळं एकदमच दिसलं.

कॅमेरावाला चौथऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात मान घालून, मघाच्या पक्ष्याची शेपटी मोठी करून बघत होता. नवरा उजवीकडे, दुर्बीण डोळ्यांना, पाठ इकडे. दोन्ही हात दुर्बिणीला. आणि त्याच्या बगलेला चार पावलांवर बबडी कठड्याखालच्या फटीत बसली होती. दोन्ही पाय बाहेर, कमरेपर्यंत पाण्यावर. ती पाय हलवत होती आणि पुढे सरकत होती.

ओरडलं तर पोर दचकणार. धावलं तर फळ्या धडधडणार, पोर दचकणार. ती चवड्यांवर, श्वास धरून, एकेका फळीवरून पुढे निघाली. आयुष्यात इतकं हळू ती कधी चालली नव्हती.

नवऱ्यानं दुर्बीण न काढता मान जराशी वळवली, तिची चाहूल ओळखली आणि पाठीमागे पंजा उघडून खूण केली: सावकाश. मग ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, “शाब्बास. अस्संच ये. फटाकडी आहे.”

तेवढ्यात एक लाल बूट सुटला आणि पाण्यात पडला. टपकन, अगदी बारीक आवाज. बूट उताणा तरंगत राहिला. त्याच्यापासून हातभर अंतरावर, बोरूच्या देठांमधून, मुठीएवढा तपकिरी पक्षी बाहेर आला, पाठीवर पांढरे शिंतोडे. बुटाकडे बघत दोन पावलं चालला आणि आत गेला. तिला बघायचं नव्हतं. तिला सगळंच दिसायचं, हा तिचा भोगच होता.

तिनं बबडीला दोन्ही काखांत धरून मागे ओढलं आणि छातीशी आवळलं.

“गेली,” नवरा दुर्बीण खाली करत वळला. चेहरा उजळलेला. “फटाकडी, अगं फटाकडी. तू इकडेच बघत येत होतीस, पाहिलीस ना? झाले शंभर.”

“बबडी कुठं होती?” तिनं विचारलं.

“इथंच तर होती. इतकी शहाण्यासारखी बसली होती, हूं नाही की चूं नाही. उगाच काळजी करत असतेस तू.”

म्हणजे पोर गप्प होती, म्हणून ती सांभाळलेली होती. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. तरी तिनं गिळलं. म्हटलं, थांबू या. लाल बूट इथल्या पक्ष्यांना लांबून दिसतो म्हणतात. बापाला तो एका पायात नाही हे दिसतं का, ते तरी कळू दे.

केंद्रापर्यंतच्या वाटेवर तो पुढे चालत होता, तीनदा मागे वळून बोलला. बबडी तिच्या कडेवर, एक पाय लाल, एक पाय ओल्या पांढऱ्या मोज्यातला, तो मोजा त्याच्या नाकासमोर लोंबत होता. दोनशे फुटांवरच्या पक्ष्याची भुवई पांढरी की पिवळी, यावर हा माणूस आठवडाभर भांडतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे पुष्कळ असतात. यानं तर हातचं होतं हेही नोंदवलं नव्हतं.

अकराला डॉक्टर पायरीवर टेबल मांडून बसले. गट भोवती जमले. नवऱ्याची पाळी आली तेव्हा कुणी तरी मागून म्हणालं, “काय नव्व्याण्णव, या खेपेला तरी?”

“शंभर,” नवरा म्हणाला. तो इतक्या हळू म्हणाला, की सगळ्यांना ऐकू गेलं.

“शंभरावा?”

“छोटी फटाकडी. बोरूच्या बेटात, दहा वीसला.”

डॉक्टरांनी चष्मा वर केला. “फोटो?”

कॅमेरावाला स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

“दुसरं कुणी पाहिली?”

“ही होती ना. वहिनी तुमच्या.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सकाळपासून पहिल्यांदाच या माणसांनी जमिनीवरच्या कशाकडे तरी पाहिलं. तिनं बबडीला दुसऱ्या कडेवर घेतलं, म्हणजे मोजा नवऱ्याच्या बाजूला येईल. थोडा वेळ दिला. पुष्कळ दिला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, भुकेल्यासारखा.

“नाही,” ती म्हणाली. “मी फटाकडी नाही पाहिली.”

बत्तीस वर्षं तोंडं तपासलेल्या डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे बघून मान डोलावली. “प्रामाणिक आहेत वहिनी. असं पाहिजे.”

“अगं, पण तू तिथंच होतीस,” नवऱ्याचा आवाज चिरकला. मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, तो बबडीच्या उंचीला वाकला. त्या दिवशी पहिल्यांदा. “बबडे, तू पाहिलीस ना चिऊ? काकांना सांग. काय पाहिलंस तिकडे?”

“बूट,” बबडी म्हणाली.

लोक हसले. नवराही हसला, ओशाळून. “नाही गं, चिऊ, चिऊ.”

“बूट गेला,” बबडीनं समजावून सांगितलं. “भूर.”

“मुलीचं नाव फॉर्मवर नाही,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नव्व्याण्णव लिहिलं.

गाडीशी आल्यावर त्यानं दुर्बीण मागे ठेवताना दार आपटलं. ती बबडीला मागच्या खुर्चीत बसवून पट्टा लावत होती.

“तू खोटं बोललीस,” तो म्हणाला.

“हो.”

तो थबकला. एवढ्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती.

“तिच्या पायांकडे बघ,” ती म्हणाली.

त्यानं पाहिलं. एकदाचं पाहिलं. “दुसरा बूट कुठाय?”

“तळ्यात. चौथऱ्याच्या कडेला बसली होती ती, पाय पाण्यावर सोडून. तुझ्यापासून चार पावलांवर. बूट पडला तो तुझ्या शंभराव्याच्या शेजारी.”

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येतंय ते ती बघत राहिली. तेवढ्यापुरती ती थांबली होती, आणि सकाळपासून थांबली होती ती याच्याचसाठी. भुवया जवळ आल्या. ओठ उघडले. आणि मग हळूहळू, आतून दिवा लागावा तसा, तो चेहरा उजळत गेला.

“म्हणजे होती,” तो म्हणाला. “म्हणजे तू पाहिलीस.”

तिनं बबडीचा पट्टा ओढून पाहिला.

“पाठीवर पांढरे ठिपके? खरंच? थांब, डॉक्टर अजून निघाले नसतील. तू बस. आलोच, एक मिनिट.”

तो केंद्राकडे पळत सुटला, सगळे रिकामे खिसे हलत होते. वाटेत एकदा वळून त्यानं हात केला.

तिनं बबडीचा ओला मोजा काढला, पिळला, खिडकीत वाळत घातला. उघडं पाऊल दोन्ही तळव्यांत धरून ऊब आणली. मग पुढच्या सीटवर बसून फोन काढला. पाळणाघराच्या बाईंनी तिसऱ्या रिंगला उचलला.

“हो, मीच बोलतेय. जागा आहे ना अजून? मग नक्की समजा. उद्यापासून, पावणेआठला सोडेन.”

बाई नेहमीचे प्रश्न विचारत होत्या. ॲलर्जी, झोपेची वेळ, काही झालं तर कुणाला कळवायचं. तिनं आपला नंबर दिला, मग लॅबचा.

“आणि घरी सकाळी कुणी असतं का, लागलं तर?”

समोर केंद्राच्या पायरीवर नवरा डॉक्टरांसमोर दोन्ही हातांनी पक्ष्याचा आकार दाखवत होता. मुठीएवढा.

“नाही,” ती म्हणाली. “सकाळी घरी कुणी नसतं.”