सरासरी अकरा

"आमच्या दीक्षाले शाळेची गोडीच नव्हती, बापा!" पाहुण्यांपुढे चहा ठेवताना आई, केशरबाई, दर वेळी असं म्हणायची. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो आवाज धाकट्या नीलमने जिवापाड जपला होता. थोरलीची शाळा चौथीत सुटली आणि धाकटी अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागली, या दोन गोष्टींच्या मधे टेकायला तिला तेवढा एक आवाजच तर होता.

उद्या अकोल्यात व्याख्यान, म्हणून ती आदल्या दिवशीच दीक्षाताईकडे उतरली. ताई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. नीलमने लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला.

"पाह्य ताई, जगातल्या बाया किती वर्षं शाळेत गेल्या, ते हाय यात. एक गोल म्हंजे एक देश."

बटण दाबलं. पडद्यावर सालामागून साल सरू लागलं आणि तळाशी दाटलेले गोल, खापरात ज्वारीच्या लाह्या उडाव्या तसे, एकेक करून वर निघाले.

"आपला कोणता वं?"

"हा हिरवा."

"माय! चढला की लेकाचा! माही पोरगी बीएस्सी करून राहिली, तेबी यातच हाय का?"

"हाय ना. तूबी हाय."

"मी कशी? मी त खालीच रायली."

"सरासरी असते ती." शिकवायची सवय, नीलमच्या तोंडून निघून गेलं. "समज, तुही चार वर्षं, माही अठरा. झाले बावीस. दोघींत वाटले का अकरा-अकरा."

ताई खळखळून हसली. "म्हंजे मी अकरावी पास! सांग तुह्या भाऊजीले, जरा मान देतीन." मग देठ खुडता खुडता हसू ओसरलं. "अन् तुह्या अठरातले सात कमी झाले का?"

"नाई."

"मंग मले भेटले कुठून?"

गोल वर जाऊन थांबले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी नीलमला तिकडे पाहवेना. इतकी वर्षं भीतीपोटी न विचारलेलं ओठावर आलं.

"ताई, तुले खरंच गोडी नव्हती शाळेची?"

ताईने भाजी बाजूला सारली.

"आई वावरात जाये. तू तान्ही. तुले कडेवर घेऊन मी शाळेच्या खिडकीपाशी उभी राहो. तू रडली का गुरुजी हाकलून देत." ती बहिणीकडे न पाहता बोलत होती. "आई बिचारी लोकायले काय सांगन? मीच म्हटलं तिले, असं सांगत जाय म्हणून. गोडी होती, नीलम. लय होती."