धर्मबापाची फ्रेम

नेमेसिओचा हात म्हणे इतका हलका, की पाद्रीबाबांची दाढ त्यानं प्रवचन चालू असतानाच काढली, आणि बाबांना पत्ता लागला तो थेट दुपारी, मक्याचं कणीस चावताना.

सान अगापितोच्या बाजारात ही गोष्ट पसरवली तेओफिलानं. ती त्याच्या दातांच्या दवाखान्याच्या दारातच तमाले विकायची, मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले. बाप्तिस्म्याला तिची पोर ओदिलिया नेमेसिओनंच हातावर घेतलेली, म्हणून तो पोरीचा धर्मबाप, तेओफिलाचा कोम्पाद्रे, आणि ती त्याची कोमाद्रे. कोम्पाद्रे म्हणजे सख्ख्या भावाच्या वर. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्याची जीभ मेल्यावर कुजत नाही म्हणतात, मातीत तशीच वळवळत राहते.

ओदिलिया शिकून दातांची डॉक्टर झाली, राजधानीत सरकारी दवाखान्यात लागली. तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. त्याला फ्रेम करायचा मान धर्मबापाचा. तेओफिलानं कागद स्वच्छ फडक्यात गुंडाळून आपल्या हातानं त्याला दिला. त्याला झाली दोन वर्षं. आधी काच वाटेत फुटली. मग सुतार मेला. गेल्या नाताळात तोच सुतार परत मेला.

"अहो कोम्पाद्रे, दोनदा?"

"तो थोरला होता, कोमाद्रे. हा धाकटा. घराणंच नाजूक."

ती पोट धरून हसली होती. कोम्पाद्रेवर संशय घेतं का कुणी?

एका मंगळवारी ती त्याच्या खुर्चीत बसलेली. पुढचा दात नुकताच काढलेला, तोंडात कापूस. तेवढ्यात डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयाच्या बाई तपासणीला आल्या. भिंतीवर फ्रेम होती. तेओफिला तिच्याखाली कितीदा बसली होती, पण वाचता येत नव्हतं, तिला तो नेमेसिओचाच कागद वाटायचा. मधोमध संत अपोलोनियाचं चित्र चिकटवलेलं, दातदुखीला धावून येणारी ती. बाईंनी फ्रेम उघडली, नखानं चित्र सोललं. खालून ओदिलियाचा फोटो बघत होता, आणि त्याखाली तिचं नाव.

तेओफिलाची हिरडी दुखायची थांबली. अंगच बधिर झालं होतं.

नेमेसिओची पापणी लवली नाही. "दवाखाना डॉक्टर ओदिलियाचाच, बाई. मी नुसता हाताखालचा. दर गुरुवारी येते ती. ही बसलीय तिची आई, विचारा की."

बाई म्हणाल्या, "मुलीनं आपलं नाव दुसऱ्याला वापरू दिलं असेल, तर तिची नोंदणी रद्द होईल. दिलं नसेल, तर हे गृहस्थ तुरुंगात जातील. मावशी, खरं काय ते सांगा."

नेमेसिओ तिच्या कानाशी वाकला. लवंगेच्या तेलाचा वास आला. "पोर तरुण आहे, कोमाद्रे. दुसरं काहीतरी करील. मी म्हातारा माणूस, तुरुंगात कुठं जाऊ?"

फुटलेली काच तिनं गिळली होती, दोन्ही सुतार गिळले होते. हे मात्र घशाखाली उतरेना. तिनं तोंडातला कापूस काढून बशीत टाकला.

"लिहा, बाई. कागद मी दिला, फ्रेम करायला. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. आणि गुरुवारी कसली येतेय? मी गुरुवारी दारातच असते. माझी पोर तमाला खाल्ल्याशिवाय माझ्यासमोरून पुढं जाईल होय?"

दात नसल्यानं शब्दाशब्दातून वारा जात होता. दारात बाजार गोळा झालेला, त्यातल्या निम्म्यांना तिनंच या खुर्चीत धाडलेलं. त्यांच्या देखत तिनं अंगठा उठवला.

"देवासमोर जोडलेलं नातं आहे आपलं, कोमाद्रे," नेमेसिओ हळूच म्हणाला.

"मग माझ्या पोरीच्या तोंडावर ती संतीण चिकटवताना देव कुठं गेला होता?"

महिन्यानं ओदिलियाचा फोन आला. नोंदणी शाबूत राहिली होती.

"पण आई, दोन वर्षं तू धड विचारलंसुद्धा नाहीस?"

"तुझा धर्मबाप ना तो."

"म्हणून?"

"म्हणून काय, म्हणूनच," तेओफिला म्हणाली, आणि फोन ठेवून तोंड धुवायला गेली.