इझेलच्या पायाखालची फळी

दचकू नका. बोलतेय ती मी, तुमच्या पायाखालची. खरं तर दचकण्याचा मान माझा आहे. शंभर वर्षं होत आली, कोणी ना कोणी वरून दाणकन टाच आपटतंय आणि मी दर वेळी नव्यानं दचकतेय. माझ्या या दचकण्याला इकडची माणसं ताल म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

मी एक फळी. पाइनची, चार फूट लांब, वीत-दीड वीत रुंद. मधोमध एक काळी गाठ आहे आणि गाठीला लागून एक खळगा, बरोबर टाच बसेल एवढा. तो खळगा लक्षात ठेवा. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढंच आहे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवर मी झाड होते. करवतीचा पहिला दात अंगावर आला तेव्हा वाटलं, संपलं सगळं. संपलं नाही. बेथेल चर्चच्या जमिनीत, तिसऱ्या बाकापुढे, मला खिळे मारून बसवलं. त्या चर्चमध्ये तेव्हा पियानो नव्हता आणि ढोल तर पास्टरला चालायचाच नाही. त्यामुळे गाणं तोंडानं म्हणायचं आणि तोलायचं पायानं, अशी तिथली रीत. रविवारी ऐंशी माणसांच्या टाचा एकदम पडायच्या. मी मुळातली भित्री. पहिली काही वर्षं शनिवारपासूनच धास्तावलेली असायचे.

तिसरा बाक ब्राउनली कुटुंबाचा. तो खळगा आधी आईच्या टाचेनं पाडला आणि मग तिची मुलगी व्हर्लीन, तिनं खोल केला. व्हर्लीनची टाच सगळ्यांत नेमकी. धाकटा इझेल तिच्या शेजारी बसायचा. त्याचे पाय जमिनीला पोचत नसत. तो ते लोंबकळत ठेवायचा आणि बहिणीच्या टाचेकडे टक लावून बघत राहायचा. त्याचं सगळं शिक्षण तेवढंच.

पुढे चर्चकडे पैसा आला, फरश्या आल्या. आम्हाला उपटून मागच्या अंगणात रचलं, जाळायला. माझ्यावर रॉकेल शिंपडलं गेलं होतं, इतकं सांगते आणि पुढचं सोडून देते. अजून अंग शहारतं. तेवढ्यात सव्वीस वर्षांचा इझेल आला. त्यानं ढीग उलथापालथा केला, गाठ सापडेपर्यंत. मग मला खांद्यावर टाकलं आणि कोणाला न विचारता चालता झाला.

तेव्हापासून मी त्याची. शनिवारी लोक कॅटफिश तळायचे, नाचायचे, तिथं इझेल गिटार घेऊन ब्लूज, म्हणजे चर्चला न चालणारी गाणी, गायचा आणि खुर्चीपुढे मला टाकून पायानं ताल धरायचा. व्हर्लीनला कळलं तेव्हा ती तरातरा आली. एव्हाना सगळं गाव तिला सिस्टर व्हर्लीन म्हणायचं. चर्चच्या गाणाऱ्यांची ती प्रमुख.

"देवाची फळी तू सैतानाच्या घरी नेलीस," ती म्हणाली.

"सैतानाकडे चांगली फळी नव्हती, सिस्टर," इझेल म्हणाला.

ती त्यानंतर त्याचं गाणं ऐकायला कधी आली नाही. ईस्टरला, नाताळला त्याला ताटभर जेवण वाढायची, पण गिटार दाराबाहेर ठेवायला लावायची. मला विचाराल तर पायांना शनिवार-रविवार काही कळत नाही. माणसं दोन्हीकडे तीच होती. शनिवारच्या बुटांना पॉलिश जरा जास्त, इतकंच.

आता मुद्द्याचं सांगते. इझेल पंचेचाळीसचा असताना त्याची एक रेकॉर्ड निघाली होती. शहरातल्या माणसांनी त्याला गायला लावलं, नंतर माझा आवाज पुसून टाकला आणि त्या जागी ढोलताशे घातले. रेकॉर्ड घरी आली तेव्हा त्यानं अर्धं गाणं ऐकलं आणि सुई उचलली. "यात मी लंगडा वाटतो," म्हणाला. ती रेकॉर्ड पुन्हा त्या घरात वाजली नाही, आणि तेहतीस वर्षं दुसरी कोणी काढली नाही.

तो अठ्ठ्याहत्तरचा झाल्यावर मेम्फिसहून टॉड नावाचा तरुण आला. ह्या वयात तुमचा एक अल्बम व्हायलाच हवा, म्हणाला. स्टुडिओ तीन दिवसांसाठी मिळतोय, त्यात होईल तेवढं. इझेलनं एकच विचारलं, "पाय राहील का?" टॉड हो म्हणाला. घाईत म्हणाला, हे मला खालून दिसलं. त्याच्या बुटांची चुळबुळ चालली होती.

इझेलची नजर अधू, म्हणून गाडी व्हर्लीननं चालवली. वय एक्याऐंशी, हॅट सरळ, हात चाकावर घट्ट. स्टुडिओशी पोचल्यावर तिनं गाडी सावलीत लावली, काचा वर केल्या आणि बायबल उघडलं. "मी आत येणार नाही. तुझा आवाज इथपर्यंत आला तर मी हॉर्न वाजवेन."

आत जाड गालिचा होता. माझ्यासारखीला तिथं काही काम नाही हे मी लगेच ओळखलं. एका कोपऱ्यात डेव्हिन नावाचा ड्रमर बसला होता. पोरगा गुणी होता, विद्यापीठात शिकलेला. त्याला पाठ होतं की ब्लूजच्या प्रत्येक फेरीत तालाचे बारा कप्पे असतात. बारा झाले की पुढच्या फेरीला वळायचं. इझेल मात्र शब्द संपला की वळायचा. श्वास पुरला तर तेरावर, नाही पुरला तर साडेदहावर. आमच्या टेकड्यांत सगळे असेच वळतात.

पहिल्याच गाण्यात दोघांची टक्कर झाली. पुन्हा सुरुवात. पुन्हा टक्कर.

"मिस्टर इझेल, तुम्ही अकरावरच वळलात," डेव्हिन अगदी नम्रपणे म्हणाला.

"वळलो."

"बारा असतात."

"कोणाचे?"

डेव्हिननं टॉडकडे बघितलं. टॉडनं काचेपलीकडून माइकवर सांगितलं, "मिस्टर इझेल, एक करू या का? फळी जरा बाजूला ठेवू. ती धडधडतेय, त्यानं याचा हिशेब चुकतोय. नंतर वाटलं तर पायाचा आवाज वेगळा घालता येईल." आणि कोणीतरी मला उचलून बाहेरच्या बोळात भिंतीला उभं केलं. मी कधी उभी राहिले नव्हते. मला घेरी आल्यासारखं झालं.

थोड्या वेळानं इझेल स्वतः बाहेर आला, काठी टेकत. त्यानं मला काखेत मारलं, आत नेलं, गालिच्यावर खुर्चीपुढे ठेवलं. गिटार पेटीत घातली, पेटी मांडीवर घेतली आणि हात वर ठेवून बसला.

"गाताय ना?" टॉडनं विचारलं.

"नाही."

"मग काय करताय?"

"बसलोय. तुम्ही रेकॉर्ड करा हवं तर. मी चांगला बसतो."

दुसरा दिवसही त्यानं तसाच काढला. मधे शेंगदाणे खाल्ले, डेव्हिनला दिले, त्याच्या आजीची चौकशी केली. टॉड येरझाऱ्या घालून थकला. "हा अल्बम झाला नाही तर पुन्हा कोणी येणार नाही, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. मागच्या वेळी झाला होता. त्यानं काय भलं केलं? या वेळी रेकॉर्डवर अख्खा जाईन, नाहीतर जाणारच नाही."

मला सांगायला लाज वाटते, पण मनातून मी म्हणत होते, सोड रे बाबा, मला राहू दे बोळात. तुझं गाणं तरी राहील. त्याला ऐकू गेलं असतं तर त्यानं मला चुलीत घातलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टॉड नमला. डेव्हिननंच त्याला सांगितलं होतं, "मला मोजता येतं ते हे गात नाहीत. मी ऐकतो नुसता." गालिचा गुंडाळला गेला. माझ्यापुढे माइक लावला, माझ्या एकटीसाठी. माझी पाचावर धारण बसली.

आणि मग इझेलचा पाय पडला, खळग्यात. दोन गाणी अशी झाली की काचेपलीकडे कोणी हललं नाही. तिसऱ्यात मला ओल लागली. त्याला साखरेचा आजार. उजव्या टाचेला जखम होती, डॉक्टरनं पाय आपटायची सक्त मनाई केली होती, हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. मोज्यातून रक्त झिरपत होतं. ताल ढिला पडायला लागला. मला कळत होतं, पण ओरडता येत नव्हतं. मी फक्त जिथं आपटाल तिथं बोलते.

तेवढ्यात दार उघडलं. व्हर्लीन. हातात त्याच्या गोळ्यांची डबी. ती तो गाडीत विसरला होता. त्याचं गाणं चालू असलेल्या खोलीत ती बावन्न वर्षांत पहिल्यांदा पाऊल टाकत होती. तिनं आधी मला पाहिलं, मग माझ्यावरचा डाग.

"बूट काढ त्याचा," ती डेव्हिनला म्हणाली. तिनं जखम पाहिली आणि तोंड वळवलं. "ऊठ. घरी चल."

"चार गाणी राहिलीत, सिस्टर."

"पाय जाईल मूर्खा."

"तो जायचाच आहे. डॉक्टरनं तारीख तेवढी दिली नाही. पण आज इथून लंगडा निघणार नाही मी. एकदा निघालो, ते पुरे."

टॉडनं घसा खाकरला, म्हणाला, "ताल आपण डेव्हिनकडून..." आणि दोघा म्हाताऱ्यांनी एकदम त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

व्हर्लीननं हॅट काढून पियानोवर ठेवली. एक खुर्ची ओढत आणली, भावाच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी. वाकून उजवा बूट काढला.

"मी तुझ्यासाठी बसत नाहीये," ती म्हणाली. "ही फळी बेथेलची आहे. तिला इथं एकटी सोडून जाववत नाही."

"बरं. बारा मोजू नकोस म्हणजे झालं."

"तुला चालायला कोणी शिकवलं? मला मोजायला सांगतोय."

तिची टाच आली. माझ्यात तिची जागा होतीच. इझेलनं गायला सुरुवात केली, आणि श्वास संपला तिथं वळला, साडेदहावर. ती त्याच्याबरोबर वळली. पुढच्या कडव्यात तेरावर वळला, ती तिथं आधीच उभी. एकाच बाकावर, एकाच आईजवळ बसून दोघं श्वास घ्यायला शिकली होती. कोणाला काय मोजायचं होतं? डेव्हिननं काठ्या जमिनीवर ठेवून दिल्या. मी त्या दिवशी दचकले नाही. आयुष्यात तेवढ्याच चार वेळा.

गाडीत बसताना ती म्हणाली, "शेवटच्यात घाई केलीस."

"तू मागे पडलीस."

"मी मागे पडत नाही. वाट बघते."

अल्बम आला. पाठीवर नावं छापायची वेळ आली तेव्हा व्हर्लीननं ठणकावून सांगितलं, माझं नाव आलं तर बघा. म्हणून तिथं छापलंय: गाणं आणि गिटार, इझेल ब्राउनली. ताल, एक फळी. लोकांनी लिहिलं की फळी फार समजूतदार आहे. बेथेलमध्ये मात्र पुढच्याच रविवारी पास्टरच्या बायकोनं व्हर्लीनला अगदी सहज विचारलं, "सिस्टर, टाच बरी आहे ना?" आणि सगळा तिसरा बाक खाली मान घालून हसला.

पुढच्या वसंतात इझेलचा उजवा पाय घोट्यापासून गेला. दवाखान्यातून आल्यावर त्यानं ओसरीत खुर्ची मांडली, मला पुढे ओढलं आणि डावा पाय ठेवला. तो पाय अडाणी आहे. अर्ध्या तालानं उशिरा पडतो. "शिकतोय अजून," इझेल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. "उजव्याला सत्तर वर्षं मिळाली. याला थोडा वेळ द्या." गुरुवारी व्हर्लीन मक्याची भाकर घेऊन येते, शेजारी बसते आणि बूट काढते. तिच्या घरी गिटार आता दाराबाहेर ठेवावी लागत नाही.

परवा शहरातल्या संग्रहालयाची दोन माणसं आली होती. मला काचेच्या पेटीत ठेवतो म्हणाली, वर दिवा, खाली पाटी, हात लावायला बंदी. वाळवीची भीती नाही, पावसाची नाही. खोटं कशाला बोलू, माझ्यासारख्या भित्रीला क्षणभर बरं वाटलं.

इझेलनं त्यांच्या चकाकत्या बुटांकडे बघितलं. "उभे राहा तिच्यावर," म्हणाला. ती माणसं दचकून मागे सरकली. "मग निघा."

तो आणि व्हर्लीन गेल्यावर ती माणसं पुन्हा येतील, मला माहीत आहे. तेव्हा माझ्या वतीनं सांगायला कोणी नसेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मला जाळा, हवं तर. रॉकेल मी पाहिलेलं आहे. पण काचेत ठेवू नका. गाठीशेजारी खळगा आहे. बूट काढा, टाच ठेवा आणि श्वास संपेल तिथं वळा. मी दचकेन. ते तुम्ही मनावर घेऊ नका.