सरावातलं रडणं

किटली नवीकोरी होती, वायर अजून सोडलेलीसुद्धा नाही, आणि ठेवली होती कुठं, तर दारातून पहिली नजर पडेल अशा टेबलावर... वसतिगृहाच्या रेक्टर बाईंची मनातली आकडेमोड सुरू झाली. कॉटवर गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेल्या या पोरीला यातून मिळायचं काय आहे? पुढच्या वर्षी मजल्याचं प्रमुखपद. प्रमुखाला स्वतंत्र खोली. आणि सगळ्यांत वजनदार बाब म्हणजे सुटीत इमारतीला कुलूप लागतं तेव्हाही प्रमुखाला राहायची मुभा. एवढ्या घबाडासाठी कुणीही दहा मिनिटं रडेल. मीसुद्धा रडले असते — बाई मनात हसल्या. वर बंदी असलेली किटली उघड्यावर! सरावाच्या धांदलीत रेक्टरचं लक्ष जातंय कशाला, असं वाटलं असणार. थांब म्हणावं, संपू दे. आधी किटली जप्त, मग बाकीचं.

सराव दर वर्षीचाच. जुन्या मुलींनी खोल्यांत बसून अडचणीत सापडल्याची सोंगं घ्यायची (जिचं सोंग वठेल तिचं नाव पुढच्या वर्षीच्या प्रमुखपदासाठी पुढं यायचं), यंदाच्या प्रमुखपदाच्या उमेदवार मुलीनं दार वाजवून आत यायचं आणि प्रसंग निस्तरायचा. बाईंनी कोपऱ्यात खुर्ची टाकून गुण द्यायचे. कुठल्या खोलीत काय घडणार ते सहायक रेक्टर ठरवायची आणि बाईंना आधी सांगायची नाही — उगीच पक्षपात नको.

दार वाजलं. आत आली ती दुसऱ्या वर्षाची चष्मेवाली.

"येऊ का गं?"

कॉटवरचीनं गुडघे आणखी जवळ ओढले. मग मान वर न करताच म्हणाली, "सुटी लागली की मला घरी पाठवू नका. काहीही करा, पण पाठवू नका."

"का? घरी काय झालं?"

"माझ्या खोलीची कडी काढून टाकलीय. आतली."

"कुणी?"

 फक्त एक हुंदका, तोही अर्ध्यावर गिळलेला. वा! बाईंनी मनातल्या मनात दाद दिली. कडीचा तपशील झकास घातलाय. कच्ची पोरगी असती तर सावत्र आई आणली असती... इतक्या वर्षांत काय काय ऐकलंय या कानांनी — एका पोरीचे आजोबा तर एकाच वर्षात दोनदा वारले होते, आणि दुसऱ्यांदा ती सहलीचे फोटो घेऊन परतली होती. पहिल्यांदा मात्र बाईंनी तिला जवळ घेऊन थोपटलं होतं. त्यानंतर कुणाला थोपटलं?... आठवेना.

चष्मेवालीनं मात्र सगळा घोळ घातला. कॉटवर बसायचं नाही, ही बसली. वचन द्यायचं नाही, रेक्टरना कळवायचं, असा साधा नियम, ही हात धरून म्हणाली, "नको जाऊस. अगं, माझ्या घरी चल, आई काही म्हणणार नाही." किटलीकडे तर तिनं ढुंकूनही पाहिलं नाही! बाईंनी गुण कापले: भावनेच्या आहारी जाते, निरीक्षण कच्चं.

दुपारी निवडीची यादी फळ्यावर लागली आणि चहा पिताना सहायक म्हणाली, "चष्मेवाली उडाली होय? मला वाटलं होतं, किटलीचं ती गोडीत निस्तरेल."

"किटलीचं?"

"अहो, दोनशे चौदा नंबरच्या खोलीत तोच प्रसंग होता ना! बंदीची वस्तू दिसली तर भांडण न करता कशी काढून घ्यायची. म्हणून तर कार्यालयातली नवी किटली नेऊन ठेवली मी."

बाईंचा कप ओठांपाशीच राहिला. म्हणजे रडणं... रडणं कुणी सांगितलंच नव्हतं. "पोरगी कशी आहे गं ती?"

"गुणी आहे. पण पोचलेली हं, बाई! सुटीत राहायला मिळेल का म्हणून आठवड्याला विचारून जाते."

बघा! बाईंना हायसं वाटलं. मासा गळाला लागला... आणि लगेच काहीतरी रुतलं. आठवड्याला विचारते ती लबाडच असेल असं कुठं आहे? घाबरलेलीही आठवड्यालाच विचारेल. जिला सुटीत इथं राहायची गरज, तिचाच इथं राहण्यात फायदा; मग कुणाला काय मिळणार एवढंच मोजत बसणाऱ्याला त्यातून कळणार काय? सुटीत बाई स्वतः तरी कुठं जात होत्या? "वन्सं, या वेळी तरी या," असं वहिनी फोनवर म्हणायची, आणि "ड्यूटी आहे गं" हे उत्तर इतक्या वर्षांत कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

मेसच्या दाराशी ती पोरगी मैत्रिणींत खिदळत होती. बाईंनी तिला बाजूला घेतलं.

"प्रसंग का बदललास?"

पोरीनं बाईंच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बाजारात समोरच्याकडे सुटे आहेत का याचा अंदाज घ्यावा तसं.

"चांगला झाला का, बाई?"

कडी कुणी काढली? — प्रश्न जिभेच्या टोकावर तयार होता. पण उत्तर मिळालं असतं तर पुढचं सगळं आलं असतं: समिती, घरच्यांना बोलावणं, फाटकाशी आरडाओरडा... आणि खोटं निघालं तर सगळ्या वसतिगृहात हसं.

"झाला," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर," असं म्हणून पोरगी वळली. पुन्हा खिदळण्यात मिसळली. पण त्या हसण्यात तिचा आवाज कुठला, ते आता बाईंना ओळखता येईना.

त्या तिथंच उभ्या राहिल्या आणि सवयीनं हिशेब मांडू लागल्या. बोलली एक, किंमत मोजली दुसरीनं: हात धरल्याबद्दल चष्मेवालीचं पद गेलं. बोललेलीनंही मोजली, खरी असो वा खोटी, तिला तेच घर, तीच सुटी. सहायिकेची किटली कपाटात परत गेली. आणि माझं? माझं काय गेलं? बाईंनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. त्यांच्या नावापुढं काहीच पडलेलं नव्हतं, दमडीसुद्धा नाही. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबात खोट शोधणाऱ्या त्या बाईंना पहिल्यांदाच संशय आला तो याच कोऱ्या जागेचा.