दारात अडतीस

आमच्या घरातलं इंटरनेट ज्या डब्यातून येतं, तो डबा बाहेरच्या दाराशी चपलांच्या कपाटावर ठेवलेला आहे. तो तिथेच का, याला काही कारण नाही. कंपनीचा माणूस तार घेऊन आला तेव्हा घाईत होता, दाराच्या आत जी पहिली सपाट जागा दिसली तिथे त्याने डबा टेकवला, आणि आमच्या घरात एकदा टेकवलेली वस्तू जन्मात हलत नाही. आईने त्यावर विणलेला रुमाल घातला आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. डबा गरम होतो, असं मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग झाकलेलाच बरा. कुणाचा हात लागायला नको."

डब्यापासून बाहेरची खोली, खोलीतून पुढे अरुंद बोळ, बोळात डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला आईबाबांची खोली, आणि सरळ टोकाला माझी. स्वयंपाकघरापर्यंत नेट धडधाकट असतं, म्हणजे आईचे भाजी चिरतानाचे व्हिडिओ न अडखळता चालतात. माझ्या खोलीत मात्र ते असं पोचतं की जणू कुणी दमेकरी जिना चढून आलाय.

बाजारात चांगले डबे मिळतात, तीन भिंती सहज ओलांडणारे. कंपनी जो फुकट देते तो सगळ्यात स्वस्तातला असतो, हे कुणालाही कळेल. बाबांना कळत नाही, कारण बाबांनी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर म्हणून काढली आहेत. आठ वाजून आठ मिनिटांनंतर आलेला माणूस आत सोडायचा नाही, हे त्यांचं काम; आणि ज्यांना त्यांनी माघारी पाठवलं त्यांचीच एक वेगळी वस्ती होईल. कुणाची बायको दवाखान्यात होती, कुणाची सायकल पंक्चर होती, बाबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला. यालाच ते शिस्त म्हणतात. मागच्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि तेही त्यांना योग्यच वाटलं.

"कंपनीने दिलंय म्हणजे विचार करूनच दिलं असेल," ते डब्याबद्दल म्हणत. "शेजारी हाच डबा आहे. ते बोंबलतात का? दोष कशात आहे ते मला ठाऊक आहे, इंजिनिअरसाहेब."

इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षात सोडलं. जे शिकवत होते त्यांनाच ते येत नव्हतं, आणि हे मी वर्गात मोठ्याने बोललो. त्या दिवसापासून बाबा माझ्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. फक्त एकदा, मी बाहेर गेलेलो असताना, त्यांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला: प्राचार्यांच्या नावे माफीचं पत्र, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात, खाली माझी सही तेवढी बाकी. महिनाअखेरपर्यंत नोकरी मिळाली नाही तर मी त्यावर सही करायची, असं आईने मध्ये पडून ठरवून टाकलं होतं. मीही हो म्हणालो होतो, कारण तेव्हा महिना लांबलचक वाटत होता.

शेवटच्या आठवड्यात एक काम समोर आलं. दूरच्या एका कार्यालयाच्या बैठका चालू असताना त्या ऐकायच्या आणि बोलणं जसंच्या तसं लगेच टाइप करत जायचं, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही ते पडद्यावर वाचू शकतील. मला हे जमतं; माझी बोटं माझ्या तोंडापेक्षा शहाणी आहेत. तीन दिवस चाचणी, अकरा ते एक. चाचणी घेणाऱ्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, "पहिले दोन दिवस सराव समजा. तिसऱ्या दिवशी जोडणी एकदा जरी तुटली तरी मला नाव काढावं लागेल. वाचणारा माणूस अर्ध्या वाक्यावर लटकतो हो."

पहिल्या दिवशी ती सात वेळा तुटली.

मी कंपनीला फोन लावून इतका ओरडलो की दुपारीच नेटवाला आला. माझ्याच वयाचा, पायात रबरी चप्पल, खांद्याला पिशवी. त्याने रुमाल उचलला, फुलांकडे बघून हसला, आणि आई आतून बघतेय हे दिसल्यावर रुमाल पुन्हा होता तसा घातला.

"डबा यथातथाच आहे, दादा," तो हळूच म्हणाला. "पण एवढाही वाईट नाही. डब्याच्या आणि तुमच्या मध्ये कुणीतरी उभं राहतंय."

"म्हणजे?"

त्याने माझ्या फोनवर एक अॅप टाकून दिलं. नेट किती जोरात येतंय ते शंभरपैकी आकड्यात दाखवतं. डब्याच्या जरा पुढे ते ब्याण्णव दाखवत होतं. त्याने मला तिथेच उभं केलं आणि स्वतः डबा आणि फोन यांच्या मध्ये येऊन थांबला. आकडा घसरून साठीत आला. बाजूला झाला, पुन्हा ब्याण्णव. मग फोन घेऊन माझ्या खोलीपर्यंत फिरून आला. "माणसात पाणी फार," तो म्हणाला. "भिंतीचं एक वेळ चालतं, पण माणूस आडवा आला की लाट त्याच्यातच मुरते. तुमच्या बोळात सत्तर आहे, चांगलं आहे. तुमच्या खोलीच्या दारातून आत पाऊल टाकलं की अडतीस. रिकाम्या दारात असं होत नाही."

"दारात कुणी नाहीये."

"ते दिसतंय," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून, पाणीसुद्धा न घेता निघून गेला.

मी भूतबित मानत नाही. ज्या गोष्टी मोठी माणसं मानतात त्या शक्यतो मानायच्या नाहीत असा माझा नेमच आहे. म्हणून मी मोजायला बसलो. माझ्या दाराच्या बाहेर सत्तर, आत अडतीस. फोन खोलीच्या डाव्या भिंतीला लावला तर सत्तर, उजव्या भिंतीला लावला तरी सत्तर, आणि मध्ये, दीड हातभर रुंदीत, अडतीस. जमिनीपासून वर वर नेत गेलो. डोक्याच्या जरा खालपर्यंत अडतीस, आणि मग एका जागी, टोपी काढावी तसं, एकदम सत्तर. आईच्या शिवणाच्या टेपने ती उंची मोजली. पाच फूट सहा इंच.

दुसऱ्या दिवशी चाचणीत जोडणी नऊ वेळा तुटली. आठव्यांदा तुटली तेव्हा मी खुर्चीवरून वळून रिकाम्या दारावर खेकसलो आणि मग मला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी, का कोण जाणे, फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो. बाबा त्यांच्या वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होते. डबा त्यांच्या पाठीमागे. मी त्यांच्यासमोर जाऊन फोन धरला.

"फोटो काढतोस?" ते पेपरातूनच म्हणाले. "काढ. नोकरीच्या अर्जाला लाव. पत्ता विचारला तर बापाच्या जिवावर म्हणून सांग."

ब्याण्णव. मी बाजूला सरकलो, जिथे मध्ये कुणी नव्हतं. ब्याण्णव. पुन्हा त्यांच्यासमोर. ब्याण्णव. ते चहा प्यायला आत गेले तेव्हा मी आईला ओढून त्याच खुर्चीत बसवलं. "अरे, दूध उतू जाईल," ती म्हणत राहिली आणि आकडा पासष्टवर आला. मग बाबा परतले, आईला उठवून त्यांच्या जागी बसले, पेपराची घडी उलगडली, आणि आकडा असा वर गेला जसं खुर्चीत कुणी बसलेलंच नाही.

त्यांची उंची मला विचारावी लागली नाही. कारखान्याच्या जुन्या ओळखपत्रावर लिहिलेली आहे.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही, संताप आला. म्हणजे हा माणूस माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही, जेवताना माझ्याकडे बघत नाही, आणि दिवसभर माझ्या दारात उभा असतो. एकतीस वर्षं लोकांना दारातून परत पाठवून पोट भरलं नाही, आता घरात मी एकटा उरलोय. ज्या खुर्चीत बसून तो माझी अक्कल काढतो त्या खुर्चीत तो नाहीच, तो इथे आहे, माझ्या उंबऱ्यावर, हाताची घडी घालून, मला उशीर व्हायची वाट बघत. हे सगळं मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं की त्यात काही विचित्र आहे हेच मला वाटेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना दारात अडतीस होतं. टेबलावर ते पत्र होतं, सहीची जागा पुढे करून. मी फोन हातात घेऊन, भिंतीला चिकटून, दाराच्या कडेने बाहेर पडलो. मधून जाववेना. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते.

"बाबा."

"हं."

"जरा बाजूला व्हा."

ते भिंतीला टेकून बसले होते, कुणाच्याही वाटेत नव्हते. मला वाटलं, आता म्हणतील, कुठून बाजूला, डोकं फिरलंय का. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी पेपर खाली घेतला आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या पायांवर सूज होती, एकाच जागी तासन्‌तास उभं राहणाऱ्या माणसाची असते तशी.

"पूर्ण?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे आठ मिनिटं होती. "हो," मी म्हणालो. "पूर्ण. एकदाचे व्हा."

त्यांनी मान हलवली, हजेरीचं पुस्तक मिटावं तशी पेपराची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मी खोलीत येईपर्यंत आकडा चढायला लागला होता. पन्नास. एकसष्ट. मी दारातून सरळ मधूनच आत गेलो, काही आड आलं नाही. सत्तर. टेबलाशी बसलो तेव्हा ब्याण्णव होतं; माझ्या खोलीत, दोन भिंती आणि एक बोळ ओलांडून, त्याच फुकटच्या डब्यातून, फुलांसकट.

दोन तासांत जोडणी एकदाही तुटली नाही. माणसं बोलत राहिली, एकमेकांची वाक्यं तोडत, खोकत, हसत, आणि माझी बोटं त्यांच्या मागोमाग धावत राहिली. शेवटी बाई म्हणाल्या, "आज तर तुम्ही शेजारच्या खोलीतून लिहिताय असं वाटलं. सोमवारपासून या." मला कुठेही जायचं नव्हतं, तरी "येतो" म्हणालो. हेडफोन काढले आणि खुर्चीत तसाच मागे रेललो. महिनाभर छातीवर कुणीतरी बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटलं. मी पत्राचे चार तुकडे केले, आणि मग उगाच आणखी चार.

बोळातून आलो तो आईने माझं तोंड बघूनच ओळखलं. "मिळाली? खरंच? अहो, ऐकलंत का, मिळाली त्याला!" तिने डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर माझ्या तोंडावरून फिरवला, भाजीचा वास असलेला.

"बरं झालं," बाबा म्हणाले. ते उठून उभे होते आणि हसत होते. टोमणा नाही, काही नाही, नुसते हसत होते. "सुटलो बाबा."

"बघ, कसे हलके दिसतायत," आई म्हणाली. "सकाळपासून गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही. इतकी काळजी करायची असते का माणसाने?"

"अगं, पायांना काही जाणवतच नाही आज," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसली. मीही हसलो. आमच्या घरात तिघं एका वेळी हसलेली मला आठवत नाहीत. आई चहा टाकायला गेली. जाताना ती माझ्या फोनसमोरून गेली, आकडा पासष्टपर्यंत उतरून परत वर आला. मला बरं वाटलं, यंत्र ठीक होतं.

बाबांचं माझ्या फोनकडे लक्ष गेलं. मला काहीतरी नीट दाखवावं तसे ते सावकाश चालत गेले आणि चपलांच्या कपाटासमोर, डब्याला पाठ लावून, बरोबर मध्ये उभे राहिले. मी एक पाऊल पुढे झालो. आता आमच्यात हातभरसुद्धा अंतर नव्हतं. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण माझ्या अंगठ्याला लागत होतं.

ब्याण्णव.

आत कपांचा आवाज झाला. "दोघांना आलं घालू ना रे?" आईने विचारलं.

"आता कसं आहे नेट?" बाबा म्हणाले. त्यांनी इतक्या मायेने मला कधी काही विचारलं नव्हतं.

"छान आहे," मी म्हणालो. "कुठेच अडत नाही."