पलीकडची खुर्ची

मी लोखंडाची, घडी होणारी खुर्ची आहे. वयाने बरीच जुनी. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कुणाचीही माफी मागणार नाही.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमध्ये झाला. पत्रा कापला, नळी वाकवली, रिबिटी ठोकल्या आणि हिरवा रंग फासला. नारायण पेठेतल्या संपत मंडपवाल्यांनी माझ्यासारख्या शेकडो खुर्च्या एकदम घेतल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आपलं नाव घातलं. पुढची कित्येक वर्षं मी लग्नांत, मुंजींत, गणपतीच्या कार्यक्रमांत आणि शोकसभांत उभी राहिले. मी कुणालाच आरामात बसू दिलं नाही. घडी घालताना बेसावध राहिलेल्यांची बोटं चिमटली. लोक मला शिव्या घालत आणि भाषण लांबलं की माझ्यावरच चुळबुळत.

एकदा आम्हा खुर्च्यांना टेम्पोत घालून डेक्कनजवळच्या एका अभ्यास केंद्रात नेलं. देशादेशांत भांडणं का होतात, युद्धं कशी पेटतात आणि कशी टाळता येतात, याचा तिथे अभ्यास चालतो. परिषद संपली, टेम्पो भरला, आणि मी दाराआड राहून गेले. केंद्रातल्या प्रियदर्शनी मॅडमनी फोन केला, "अहो, तुमची एक खुर्ची राहिलीय आमच्याकडे."

"राहू द्या," संपत म्हणाले. "तुमच्याकडे ऐकायला माणसं कमीच येतात. तेवढीच जागा भरलेली दिसेल."

अशी मी केंद्राची झाले.

केंद्रात गादीच्या, फिरत्या खुर्च्या भरपूर होत्या. मॅडमना मात्र मीच हवी होते. त्यांच्या वर्गात एक रीत आहे. दर शुक्रवारी एक विद्यार्थी माझ्यावर बसतो आणि पलीकडच्याचं म्हणणं मांडतो. पलीकडचा म्हणजे आपल्याशी भांडणारा देश, बंदूक घेतलेली संघटना, करार मोडणारं सरकार, जो त्या आठवड्याचा विषय असेल तो. बसलेल्याने "ते म्हणतात" असं अंग चोरून बोलायचं नाही. त्यांच्या जागेवरून बोलायचं, तेही असं की त्यांच्यातला एखादा मागे बसला असता तर त्याने मान डोलावली असती. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. टाळ्या कुणी वाजवायच्या नाहीत. आणि मॅडम "ऊठ" म्हणेपर्यंत बसलेल्याने उठायचं नाही.

"पण मॅडम, हीच खुर्ची का?" पहिल्याच दिवशी आमोदने विचारलं होतं. हा नारायण पेठेतला मुलगा, जन्मतःच तिरकस. "ही टोचते."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. "पलीकडच्याच्या जागी बसताना मऊ मऊ वाटलं, तर समज की तू जागा चुकलास."

आता अक्षताची गोष्ट सांगते. अक्षता भौतिकशास्त्राची पदवी घेऊन इथे आली. तिच्या बोलण्यात "कशावरून?" हा शब्द सारखा यायचा. तिचे वडील, सुभेदार संजय, सैन्यातून निवृत्त होऊन लोणी काळभोरला राहतात. उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका चौकीवर त्यांनी तरुणपणी निरीक्षक म्हणून, समोरच्या हालचाली बघून खाली कळवत, हिवाळा काढला होता. तिथे एका संध्याकाळी समोरच्या कड्यावरून अचानक गोळे आले आणि त्यांचा जिवाभावाचा दोस्त दशरथ गेला. "काहीएक कारण नसताना मारलं," हे वाक्य अक्षता लहानपणापासून ऐकत आली होती.

पालकांना वर्ग पाहायला बोलावलं होतं, त्या दिवशी अक्षताने नेमका हाच विषय घेतला. सुभेदार पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. संचालक सर त्यांच्या शेजारी.

अक्षता माझ्यावर बसली आणि समोरच्या कड्यावरचा सैनिक होऊन बोलू लागली. बोटं बधिर करणारी थंडी, घरच्या पत्राची वाट, रात्री छपरावर घसरणाऱ्या बर्फाचा आवाज, मित्राने शेवटची बिडी अर्धी करून देणं. ती सुंदर बोलली. मागच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. आणि मला, मित्रांनो, काहीतरी खटकत होतं. ती माझ्यावर अगदी आरामात बसली होती.

सुभेदार उठले.

"ती बिडी दशरथनं दिलती मला," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमची थंडी त्यांना दिलीस? आमचा दशरथ पण त्यांनाच दिलास?"

"पप्पा, हा अभ्यास आहे. इथे तसं..."

"परत त्या खुर्चीवर बसलीस, तर मला पप्पा म्हनू नकोस."

ते निघून गेले. संचालक सरांना घाम फुटला होता. एका माजी सैनिकाचा आपल्या केंद्रात अपमान झाला, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. अक्षताने माफी लिहून द्यावी, ही रीत बंद व्हावी आणि ती खुर्ची भंगारात जावी, असा त्यांचा निकाल होता. वस्तूंना शिक्षा देणं फार सोपं असतं. वस्तू उलट बोलत नाहीत, असं लोकांना वाटतं.

सगळे गेल्यावर अक्षता मॅडमसमोर उभी राहिली. मॅडम धीर देतील असं तिला वाटलं असावं.

"तुझे वडील बरोबर बोलले," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे मी बसायलाच नको होतं?"

"बसायलाच हवं होतं. तू बसलीस कुठे? पलीकडच्या माणसाबद्दल तुझ्याकडे माहिती नव्हती, म्हणून घरातली माहिती घेतलीस आणि गणवेश बदललास. आरशात बघून म्हणालीस, हा शत्रू. आपल्या विषयातली सगळ्यात जुनी चूक आहे ही. समोरचा आपल्यासारखाच विचार करत असणार, असं गृहीत धरून मोठमोठ्या देशांनी सैन्यं घालवली आहेत. प्रयोगशाळेत एका नमुन्याचं मापन दुसऱ्याच्या नावावर लिहिलं असतंस का?"

अक्षताचे कान लाल झाले. ती माझ्या पाठीवरचं संपत मंडपवाल्यांचं नाव नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "बसल्याबद्दल माफी मी लिहून देणार नाही. चुकीचं बसले, ते दुरुस्त करीन."

"संचालकांनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिलीय."

"चालेल."

मला तेव्हा ती आवडली. तोवर नुसती हुशार वाटत होती.

तिने भावना बाजूला ठेवल्या आणि डोंगर घेतला. चौकीच्या भागाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा पसरून, समोरच्या कड्यावरून कुठकुठलं दिसतं याच्या रेषा ती काढत बसली. चौकी दिसत नव्हती, डोंगराची मधली सोंड आड येत होती. छप्पर दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त चौकीकडे चढणाऱ्या पायवाटेचं एक वळण. तिने रेषा पुसून परत काढल्या. उत्तर तेच आलं.

"आता काय करणार?" आमोदने विचारलं.

"पप्पांना बोलावणार."

"ते येतील? तुझ्याशी बोलतात तरी का?"

"आईला सांगितलंय. म्हटलं, त्यांना सांग, मी खुर्चीवर बसणार नाही."

शुक्रवारी सुभेदार आले. मुलीने हार मानली असं त्यांना वाटलं असणार, कारण चेहरा थोडा निवळला होता. संचालक सर आले, बरोबर मला उचलून न्यायला भंगारवाला. त्याने मला हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि तोंड वाकडं केलं. एवढा अपमान शोकसभेतही झाला नव्हता.

"पाच मिनिटं," अक्षता म्हणाली. तिने मला लांब व्हरांड्याच्या एका टोकाला नेऊन ठेवलं. दुसऱ्या टोकाला दोन कपाटं शेजारी शेजारी उभी केली होती, मध्ये एक फट. पडदे ओढले होते, त्यामुळे संध्याकाळसारखा उजेड.

"सुभेदार साहेब," तिने हाक मारली. पप्पा म्हणाली नाही. "तुम्ही चौकीवर निरीक्षक होतात. इथे बसाल? जे दिसेल तेवढंच सांगायचं."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. निरीक्षकाची आण घातल्यासारखं झालं होतं त्यांना. ते बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. इतकं नीट माझ्यावर आजवर कुणी बसलं नव्हतं.

तिकडे कपाटांच्या फटीतून आमोद आणि आणखी दोन मुलं गेली. गच्चीवर पडलेले पत्र्याचे जुने नळ त्यांच्या खांद्यावर होते.

"काय दिसलं?"

"तीन मानसं. वर चाललीत. खांद्यावर नळ्या हायत."

"कशाच्या?"

सुभेदार उत्तर द्यायला गेले आणि थांबले. त्यांच्या अंगातला ताण माझ्या पायांपर्यंत उतरला.

"हितनं कळत न्हाय."

"वर कुठे जातात?"

"ते बी दिसत न्हाय. मधे आड येतंय."

"अंधार पडायला आलाय. तुम्हाला खाली कळवायचं आहे. काय कळवाल?"

भंगारवालासुद्धा वजनकाटा खाली ठेवून बघत होता. सुभेदारांना कळलं होतं. कुठली संध्याकाळ, कुठलं वळण, खांद्यावर काय, सगळं कळलं होतं. ते खोटं बोलू शकले असते. "काही विशेष नाही" एवढं म्हणून उठता आलं असतं. पण निरीक्षक खोटं कळवत नाही.

"उखळी तोफेच्या नळ्या वर चढवतायत," ते म्हणाले. "असंच कळवीन. दुसरं कळवणारा मानूस त्या जागेवर ठेवत न्हाईत." मग खूप हळू, "आमी वर नेत होतो ते चौकीतल्या बुखारीचं, शेगडीचं धुराडं होतं गं. शेगडी धुपत होती. दशरथ म्हनला, आजच बसवू."

"मला माहीत आहे, पप्पा. तुम्हीच सांगितलंय. त्यांना माहीत नव्हतं." ती त्यांच्यासमोर खाली बसली. "तेव्हा असंच झालं, हे मी सिद्ध केलेलं नाही. तिथून एवढंच दिसू शकत होतं, इतकंच सिद्ध आहे."

"म्हंजे त्यांची चूक न्हाई?"

"आहे. खात्री न करता गोळे टाकले. दशरथकाका गेले. या खुर्चीवर बसून ते बदलत नाही. पण काही कारण नव्हतं, हे खरं नाही. आणि कारण कळलं नाही तर पुढच्या हिवाळ्यात दुसरा कुणीतरी धुराडं घेऊन त्याच वळणावरून जाईल."

सुभेदारांनी समोरच्यांना क्षमा केली असेल असं मला वाटत नाही. करावी असं मी म्हणणारही नाही. माझं कामच ते नाही. मी फक्त त्यांना तिथे बसवलं, जिथून ते इतकी वर्षं एकदाही पाहू शकले नव्हते. त्यांनी माझी कड घट्ट धरली होती, आणि मी टोचत होते. टोचणारच.

संचालक सर खाकरले. "छान. उत्तम प्रात्यक्षिक. तर आता... ही न्यायची ना?"

"बसलोय मी," सुभेदार म्हणाले.

"हो हो, म्हणजे तुमचं झाल्यावर."

सुभेदारांनी मान वळवून मॅडमना विचारलं, "बाई, तुमचा नियम काय हाय? तुमी सांगितल्याबिगर हितनं उठायचं न्हाय ना?"

"नाही उठायचं."

"मग सांगू नका."

भंगारवाल्याने काटा उचलला, "फुकट फेरी झाली" म्हणाला आणि जिना उतरून गेला. त्याच्या मागून आमोदचा आवाज आला, "काका, हे नळ घेऊन जा हवं तर. पण खांद्यावर नका नेऊ."

माफीचा कागद कुणी लिहिला नाही आणि परत कुणी मागितलाही नाही. दर शुक्रवारी मी अजून मांडली जाते. अधूनमधून कुणीतरी रागावून येतं आणि म्हणतं की शत्रूची बाजू मांडणारी असली खुर्ची हवी कशाला. मी त्याला एवढंच सांगते: बस, मग बोलू.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात, तुमच्या गल्लीत माझ्यासारखी एखादी असेल, अवघड आणि बोटं चिमटणारी, तर तिला अडगळीत टाकू नका. तिच्या सांध्यांना तेल घाला. गंज चढला तर घासून काढा, वाटल्यास हिरवा रंगही द्या. फक्त तिच्यावर उशी ठेवू नका.